लगाम कोणाकडे?

ओव्हाळ मॅडम गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले, माइकसमोर गेले आणि म्हणाले, "मॅडम रविवारी खेळ चालवायच्या. चांगला चालवायच्या." मग जागेवर येऊन बसले. शेजारी बाबा होते. मी मधेच पाणी प्यायला आले असेन, असं त्यांना वाटलं.

त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या घरात पत्रकं लिहिली जातात. बाबा लिहितात, आई प्रुफं तपासते आणि मी लहान असल्यापासून घड्या घालते. मला वाचता यायला लागलं ते 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. शिष्यवृत्ती, वस्तीतलं पाणी, वसतिगृहातलं जेवण, कशावरही मी न अडखळता बोलते आणि राग आला असेल तर जास्तच बरं बोलते. त्या दिवशी राग आला नव्हता. काहीच आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपल्याच गालाला हात लावला की तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो, तसं झालं होतं. अजूनही बरंचसं तसंच आहे.

मॅडमचं नाव शोभा ओव्हाळ. जमीन मोजणीच्या सरकारी कार्यालयात नोकरी, राहायला वारज्यात. लग्न केलं नव्हतं, सोबत धाकटा भाऊ मिलिंद. वय पन्नाशीच्या अलीकडे. रविवारी दुपारी त्या कोथरूडच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये स्कूटरवरून यायच्या. तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ, त्यावर गॉगल आणि दंडापर्यंत चढवलेले पांढरे सुती हातमोजे. उन्हात पुण्यातल्या निम्म्या बायका अशाच दिसतात. पण मॅडम गाडी स्टँडला लावून एकेका बोटाला ओढ देत मोजे काढायला लागल्या की चिलखत उतरवतायत असं वाटायचं. मोजे काढून झाल्याशिवाय त्या कोणाशी बोलत नसत.

खेळ म्हणजे कागद, पेन्सिल आणि फासे. टेबलाभोवती चार-पाच माणसं, प्रत्येकाचं एक पात्र. एक जण गोष्ट सांगतो. समोर दरी आहे, पलीकडे धूर दिसतोय, काय करता? बाकीचे आपापलं पात्र काय करेल ते सांगतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. अशी एक गोष्ट वर्षानुवर्षं चालू शकते, आमची चालली. सांगणाऱ्या मॅडम. खेळणारे आम्ही: ज्याच्या सोसायटीचं क्लबहाउस तो सॉफ्टवेअरवाला कौस्तुभ, माझी कॉलेजातली मैत्रीण जुई आणि मी. देवधर काका नंतर आले, त्यांच्याकडे येतेच.

आमच्या गोष्टीत एका खोऱ्यातून हुसकावून लावलेली माणसं होती. म्हातारेकोतारे, पोरं, गुरं, भांडीकुंडी. त्यांना नदीपलीकडच्या पठारावर पोचवायचं होतं आणि मागे घोडेस्वार लागले होते. मॅडमनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं, "ही माणसं पलीकडे उतरली की खेळ संपला. त्याआधी मी टेबल सोडणार नाही, तुम्हीही सोडायचं नाही."

असा खेळ चालवणारे लोक आपल्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात. फासा त्यामागे टाकला की थोडीफार लबाडी करता येते, लाडकं पात्र मरत असेल तर वाचवता येतं. मॅडमकडे आडोसा नव्हता. कौस्तुभनं हौसेनं एक आणून दिला, तर त्यांनी तो घडी करून परत केला. "आठवडाभर ऑफिसात काउंटरच्या काचेमागं असते. रविवारी तरी समोर बसू दे." त्या सगळ्यांच्या देखत, जेवणाच्या डब्याच्या स्टीलच्या झाकणात फासा टाकायच्या. तो झाकणात खणखणत फिरायचा, आणि थांबला की मॅडम म्हणायच्या, "पडला तो पडला." याच्यावर अपील नव्हतं. कोणी गयावया केलीच तर, "आपला अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवला आहे," असं म्हणून फाशाकडे बोट दाखवायच्या.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "आणि घोडा?"

आमची पात्रं बहुतेक वेळ घोड्यावर असायची. आम्ही मात्र ते विसरायचो. कोणी म्हणायचं, मी खिडकीतून आत उडी मारते. मॅडम म्हणायच्या, "मार. आणि घोडा?" एकदा पाठलाग करणाऱ्यांचा सरदार बोलणी करायला समोर आला, तेव्हा मी माझ्या पात्राच्या तोंडून त्याला चांगलं ठणकावलं. जमीन कोणाची, घाम कोणाचा, तुम्हाला हा अधिकार कोणी दिला. मी उभी राहून बोलत होते. जुईनं टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं?"

"झालं."

"छान बोललीस. दरम्यान तुझा घोडा गवत खात खात ओढ्यापर्यंत गेलाय. तू पायी आहेस आणि तो सरदार घोड्यावर आहे. काय करतेस?"

कौस्तुभच्या पात्राकडे दोन हातांनी पेलायची प्रचंड तलवार होती. ती घेऊन तो घोड्यावरून शत्रूच्या रांगेत घुसणार होता, त्याचं हे किती तरी दिवसांचं स्वप्न. तो दिवस आला. त्यानं तलवार कशी उपसली, सूर्य पात्यावर कसा चमकला, सगळं रंगवून सांगितलं. फासा टाकायला हात उचलला, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "दोन्ही हात तलवारीवर आहेत ना?"

"हो."

"मग लगाम कोणाकडे?"

कौस्तुभनं नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात कुठं काय आहे हे त्याला पाठ असे. "मॅडम, पुस्तकात मनाई नाहीये. दोन हातांचं शस्त्र घोड्यावर चालतं. घोडा शिकवलेला असला म्हणजे झालं."

"पुस्तक कुठं छापलंय?"

"अमेरिकेत असेल."

"तिथले घोडे शिकलेले असतील. आपला ओढ्यावर गवत खातो."

वाद वाढला. मी कौस्तुभच्या बाजूनं नव्हते, पण मॅडमच्याही नव्हते. नियम एकट्यानं ठरवायचा नाही, मतदान घ्या, असं माझं म्हणणं. मॅडमनी झाकणावर झाकण ठेवावं तसे दोन्ही हात एकमेकांवर ठेवले. "मतदान नको. करून बघू. चला खाली."

आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. वॉचमनकडून जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू आणला. कौस्तुभला त्याच्या स्कूटरवर बसवलं.

"निघ. गेटपर्यंत जा. मधे झाडू दोन्ही हातांनी फिरव."

"मॅडम, हँडल सोडलं की गाडी थांबेल."

"घोडा थांबत नाही. तुझं नशीब की ही गाडी आहे."

तरीही त्यानं एकदा करून पाहिलं आणि गाडीसकट आडवा होता होता वाचला. मग मॅडमनी जुईला पुढे बसवलं, कौस्तुभला मागे. जुई चालवेल, हा झाडू चालवेल. जुईनं गाडी काढली, कौस्तुभनं दोन्ही हातांनी झाडू घुमवला. त्याचा फटका असा बसला की गेटजवळच्या कट्ट्यावरची शेवंतीची कुंडी खाली येऊन फुटली.

"जमतंय," मॅडम म्हणाल्या. "लिहून घे तुझ्या पुस्तकात. आपल्याकडे दोन हातांचं हत्यार घोड्यावर डबलसीटच चालतं. पुढचा लगाम धरेल, मागचा वार करेल. पुढचा पडला की मागचाही पडतो. आणि लगाम कोणाकडेच नसेल तर घोड्याचा वेगळा फासा. मोठा आकडा आला तर तो तुमचं ऐकेल, लहान आला तर त्याच्या मनाला येईल तिकडे जाईल."

कुंडीच्या आवाजानं पहिल्या मजल्यावरून एक गृहस्थ खाली आले होते. सोसायटीचे सचिव देवधर, बँकेतून निवृत्त, मूळचे पेठेतले. त्यांनी झाडू बघितला, कुंडी बघितली, मग मॅडमकडे बघितलं.

"काय चाललंय हे?"

"युद्ध," मॅडम म्हणाल्या.

"कोणाशी?"

"एका पुस्तकाशी."

पुढच्या रविवारी पार्किंगच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना होती: 'दुचाकीवरून युद्ध करू नये. कुंड्या सभासदांच्या आहेत. युद्ध करणेच असल्यास क्लबहाउसमध्ये, आवाज न करता करावे. – सचिव.' आवाज होतोय का ते बघायला ते स्वतः वर आले आणि दाराशी उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"आलाच आहात तर बसा," मॅडम म्हणाल्या. "कौस्तुभच्या घोड्यावर पुढं कोणी नाहीये."

ते बसले आणि मग दर रविवारी येऊ लागले. काका लगाम धरायचे, मागे कौस्तुभ तलवार फिरवायचा. "डावीकडे मार," काका सांगायचे. "अहो, दुसरं डावं. इंजिनिअर कोणी केलं तुम्हाला?" कौस्तुभला ते एरवी काय म्हणत असतील माहीत नाही, घोड्यावर मात्र अहोजाहो करायचे.

त्याच सुरुवातीच्या दिवसांत, चहा चालू असताना, काकांनी तो प्रश्न विचारला जो पुण्यात विचारतातच. "ओव्हाळ म्हणजे तुम्ही कुठले?"

"लोणी काळभोरचे."

"नाही, म्हणजे मूळचे?"

मी कप खाली ठेवला. माझं वाक्य तयार होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मॅडमनी माझ्याकडे न बघता टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

"मूळचे घोड्याचे," त्या काकांना म्हणाल्या. "क्रीमरोल घ्या. मऊ पडतील."

नंतर जिन्यात मी त्यांच्याशी भांडले. गप्प बसणं म्हणजे मान्य करणं, वगैरे. त्या मोजे चढवत होत्या. "गप्प कुठं बसले? उत्तर दिलं की. त्याचा अर्थ शोधायला त्यांना चार रविवार लागतील. लागू देत. तू सांगितलं असतंस तर पाच मिनिटांत विसरले असते."

काका विसरले नाहीत. घोड्याचे म्हणजे काय, हे त्यांनी पुन्हा विचारलं, पण पुष्कळ नंतर आणि वेगळ्या आवाजात. तोवर मॅडमचं दुखणं सुरू झालं होतं.

ते आम्हाला कळलं ते असं. एका रविवारी मॅडम आल्या, स्कार्फ सोडला, गॉगल काढला आणि खुर्चीत बसल्या. मोजे हातातच. आम्ही वाट बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "आज मोजे राहू देत. गार लागलं की बोटांत सुया टोचतात. औषधाचं आहे." कसलं औषध ते त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितलं, रजा आणि सुट्ट्या सांगाव्या तसं. गाठ, ऑपरेशन, सलाइनमधून द्यायची औषधं. "त्या औषधानं बोटं झोपतात. डॉक्टर म्हणतात उठतील, किंवा नाही उठणार. हं, तर तुम्ही नदीच्या अलीकडे दोन मुक्कामांवर होतात."

हळूहळू बोटं पार झोपली. त्या चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायच्या आणि तोंडाशी नेईपर्यंत त्याच्यावरून नजर काढायच्या नाहीत, कारण तो सुटला तर कळणार नव्हतं. फासा उचलता येईना, तेव्हा मी टाकायला लागले. झाकणात पडलेल्या फाशाचा आवाज ऐकायला त्या मान तिरकी करायच्या. मग स्कूटर सुटली. "ब्रेक दाबलाय हे मला गाडी थांबल्यावर कळतं," त्या म्हणाल्या. "ते उशिराच होतं." नंतर मिलिंद सोडायला यायला लागला. त्यानं नोकरीत शनिवारची पाळी मागून घेतली होती, रविवार मोकळा राहावा म्हणून. तो खाली गाडीपाशीच थांबायचा. वर बोलावलं तर म्हणायचा, "नको, मला त्यातलं काय कळत न्हाय. ताईचा आवाज येतोय ना खाली, बास."

आवाज नंतर खालपर्यंत येईनासा झाला.

माणसं अजून नदीच्या अलीकडेच होती. आम्हा सगळ्यांना एकच काळजी होती आणि ती कोणी तोंडानं बोलत नव्हतं. शेवटी कौस्तुभ बोलला. "मॅडम, मधले मुक्काम गाळूया का? सरळ नदीवर जाऊ. बऱ्याच खेळांत असं करतात."

"माणसं चालतायत, कौस्तुभ. म्हातारी आहेत, गाभण गाय आहे. त्यांना कशी गाळायची?"

"पण मॅडम..."

"मला कळतंय तू काय म्हणतोस," मॅडम म्हणाल्या. "आपण चालू. जेवढं होईल तेवढं."

आणि आम्ही चाललो. काही रविवारी त्या येऊ शकायच्या नाहीत, तेव्हा खेळ व्हायचा नाही. आम्ही तरीही क्लबहाउस उघडून बसायचो. त्या आल्या की गोष्ट नेमकी तिथून पुढे सुरू व्हायची. गाय व्यायली. एक म्हातारा वाटेत गेला, त्याला पुरायला आम्हाला अख्खी दुपार लागली. मी चिडले होते. नदी समोर दिसत असताना एका काल्पनिक म्हाताऱ्याला खड्डा खणत बसायचं, हे मला पटत नव्हतं. मॅडमनी विचारलं, "खड्डा कोण खणतंय?" काका म्हणाले, "मी." नंतर कौस्तुभ. नंतर मीही.

अशाच एका दिवशी काकांनी विचारलं, "घोड्याचे म्हणजे काय हो, मॅडम?"

मॅडम हसल्या. "लागले ना चार रविवार."

मग त्यांनी सांगितलं. लोणीत त्यांच्या वडिलांकडे एक घोडी होती, बकुळा. लग्नाच्या वरातीला द्यायची. पंचक्रोशीतल्या कितीतरी नवरदेवांना बकुळानं देवळापासून मांडवापर्यंत नेलं. वडील लगाम धरून पुढे चालायचे. "वर बसलेल्याला काय," मॅडम म्हणाल्या. "एका हातात तलवार, दुसरा हात लोकांना दाखवायला. दोन्ही मोकळे. त्याला वाटायचं, घोडी तोच चालवतोय."

एकदा वरातीत कोणीतरी फटाक्यांची माळ बकुळाच्या पायाशीच लावली. ती उधळली. वडिलांनी लगाम मनगटाला गुंडाळून घेतला आणि सोडला नाही, फरफटत गेले तरी. नवरदेवाला काही झालं नाही. वडिलांची दोन बोटं त्यानंतर वळली नाहीत. "त्या लग्नाचा फोटो आहे. पुढं त्या घरच्या मुलीनं मला दाखवला, माझ्या वर्गात होती. घोडी आहे, नवरदेव आहे, तलवार आहे. कडेला माझ्या बापाचा हात आलाय. मनगटापर्यंत. पुढं फोटो संपतो."

काका चष्मा पुसत राहिले.

"म्हणून मी विचारते, लगाम कोणाकडे. दुसरं काय नाही."

माझ्या आत तेव्हा पेटलं होतं, तेवढं आठवतं. मी म्हणाले, "मॅडम, याचं पत्रक व्हायला पाहिजे."

"कर की. पण घोडीचं नाव घाल."

मी लिहिलं. बाबांनी वाचलं आणि विचारलं, "सगळं बरोबर आहे, पण बकुळा कोण?" मी म्हटलं, आहे तसं छापा. छापलं.

त्याच दिवशी मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, ते पत्रकात नव्हतं. वरात पोचली की वडील दमून जायचे. मग परतीच्या वाटेवर लहानग्या शोभाला बकुळावर बसवायचे आणि लगाम घोडीच्या मानेवर टाकून द्यायचे. स्वतः मागून सावकाश यायचे. "लगाम माझ्याकडं नाही, बापाकडं नाही. मी दोन्ही हात असे पसरून बसायची. बकुळाला घर माहीत होतं."

"मग तेव्हा फासा नव्हता वाटतं?" कौस्तुभनं विचारलं.

"तेव्हा नियम नव्हता, बाळा."

ज्या रविवारी आम्ही नदीवर पोचलो, त्या रविवारी मिलिंदनं त्यांना जिन्यावरून जवळजवळ उचलूनच आणलं. त्या टेबलाच्या टोकाच्या आपल्या खुर्चीत बसल्या नाहीत. काकांच्या शेजारची खुर्ची दाखवली.

"आज जुई चालवेल. मी खेळते."

जुई म्हणाली, "मॅडम, मला नाही येणार."

"नदी आहे. पाणी कमरेएवढं आहे. उतार एकच, मागून घोडेस्वार येतायत. आता तुला माझ्याएवढंच माहीत आहे. चालव."

जुई टोकाच्या खुर्चीत बसली. तिनं नदीचं वर्णन केलं, सुरुवातीला घाबरत, मग बरं. माणसं पाण्यात उतरली. घोडेस्वार टेकडीवरून दिसू लागले. कौस्तुभ आणि काका डबलसीट उताराच्या तोंडाशी उभे राहिले. मी पोरं आणि म्हाताऱ्या घेऊन पाण्यात. मग जुईनं विचारलं, "मॅडम, तुमचं पात्र?"

"एक बाई आहे. घोडीवर. दोन हातांची कुऱ्हाड आहे."

"घोडीचं नाव?"

"बकुळा."

जुईनं आमच्याकडे पाहिलं. विचारायला तर हवंच होतं, तो त्यांचाच नियम. ती विचारत नव्हती. शेवटी काका बोलले, अगदी हळू.

"मॅडम, लगाम कोणाकडे?" आणि लगेच, "मी धरतो. कौस्तुभराव आमचा घोडा सांभाळतील. मी खाली उतरतो, तुमच्या पुढे चालतो."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. काकांचा चेहरा पडला होता, पण त्यांनी नजर हलवली नाही.

"पाणी कमरेएवढं आहे, काका. तुमचे गुडघे."

"असू देत."

"नको. तुम्ही मारामारी बघा, कौस्तुभला डावंउजवं कळत नाही." मग जुईकडे वळून, "लगाम कोणाकडे नाही. सोडलाय."

"मग घोडीचा फासा टाकावा लागेल," जुई म्हणाली.

"टाक."

फासा झाकणात फिरला. मॅडमनी मान तिरकी केली. तीन. जुईनं झाकणावर पटकन हात ठेवला आणि म्हणाली, "कलंडला होता. परत टाकते."

"जुई. हात काढ."

तिनं हात काढला.

"पडला तो पडला. तीन म्हणजे?"

"म्हणजे... घोडी ऐकत नाही. वळते."

"कुठं जाते?"

"तुम्हीच सांगा, मॅडम."

"घरी जाते," मॅडम म्हणाल्या. "तिला माहीत आहे. तुम्ही माणसं उतरवा."

त्यांनी खुर्चीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मोज्यातले हात मांडीवर, तळवे वर. आम्ही खेळलो. कौस्तुभनं पुस्तक उघडलं नाही. काका "डावीकडे" म्हणाले आणि तो डावीकडेच वळला. मी शेवटच्या फेरीला गाय आणि वासरू नेलं. मधे एकदा मॅडमनी डोळे न उघडता विचारलं, "किती राहिले?" मी म्हटलं, अजून आहेत. पुन्हा बऱ्याच वेळानं विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "सगळे पलीकडे गेले."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग चहा ठेवा."

खाली मिलिंदनं गाडी सावलीत आणून ठेवली होती. "ताई, चल बरं आता. ऊन हाय." त्यानंच त्यांना स्कार्फ बांधून दिला, गॉगल लावला. एका बाजूला पाय टाकून मागे बसवलं. काका पायरीपर्यंत आले होते. ते म्हणाले, "नीट धरून बसा हो."

"कशानं धरू?" मॅडम म्हणाल्या आणि हसल्या असाव्यात. स्कार्फमुळे दिसलं नाही.

मिलिंदनं गाडी काढली. शेवंतीची कुंडी होती तिथे काकांनी दुसरी आणून ठेवली होती, तिच्या कडेनं ती सावकाश गेटबाहेर पडली आणि वारज्याच्या दिशेनं वळली. मॅडमनी मिलिंदच्या खांद्याला धरलं नव्हतं, सीटच्या कडीलाही नाही. पांढरे मोजे घातलेले दोन्ही हात त्यांनी मांडीवरून उचलले होते आणि जरासे बाजूला पसरले होते.